प्रकल्प नोंदी: अपूर्णांकांचा लहानमोठेपणा (पट्ट्या, कार्डे आणि निदान चाचणी)

७ जुलै २०२५

पाचवी-सहावीसाठी संच करायचा आहे: अपूर्णांकांच्या पट्ट्या, जोड्यांची कार्डे आणि एक छोटी निदान चाचणी. सुरुवात चाचणीपासून. चाचणीच फसवी निघाली तर पट्ट्यांमुळे काही फरक पडला की नाही, हे कधीच कळणार नाही.

पहिल्या मसुद्यात आठ जोड्या होत्या. प्रत्येकीत मोठा कोणता ते विचारायचे.

२/३ व २/५, १/२ व १/६, ३/४ व ३/८, ५/८ व ३/८, १/३ व १/९, ४/५ व ४/७, ६/७ व २/७, १/२ व ३/१०

वरवर पाहता चांगली यादी: समच्छेद आहेत, समान अंशाचे आहेत, एक मिश्र जोडी आहे. पण मुलांच्या डोक्यात हमखास आढळणारे चुकीचे नियम घेऊन हीच यादी सोडवून पाहिली तेव्हा ती कोसळली.

"छेद लहान तो अपूर्णांक मोठा" (छेद सारखे असतील तरच अंश पाहायचा) असे मानणारे मूल: ८ पैकी ८ बरोबर.

"वरखालच्या आकड्यांत फरक कमी तो मोठा" असे मानणारे मूल: पुन्हा ८ पैकी ८.

"आकडे मोठे तो मोठा" असे मानणारे मूल: ८ पैकी २, तीही केवळ समच्छेद जोड्यांमुळे.

म्हणजे ही यादी तीनपैकी एकच गैरसमज पकडते आणि उरलेल्या दोघांना पैकीच्या पैकी गुण देऊन पुढच्या धड्यात पाठवते. नेहमीच्या सरावसंचांचे दुखणे इथेच आहे. समान अंशाच्या जोड्या सोप्या म्हणून भरपूर घातल्या जातात आणि त्या नेमक्या लहान छेदाच्या नियमाला खतपाणी घालतात. मसुदा रद्द.

९ जुलै

जोड्या आता अवघड-सोप्या अशा न लावता, कोणता चुकीचा नियम कुठे आपटेल त्यावरून लावल्या. तीन गट झाले.

गट १: ३/५ व ३/८, १/२ व ४/९, ३/७ व ५/१२. इथे पहिला अपूर्णांक मोठा आहे. मोठ्या आकड्यांचा नियम तिन्हींत चुकतो, बाकीचे दोन्ही बरोबर येतात.

गट २: ३/४ व ५/६, १/२ व ५/९, २/५ व ४/९. इथे दुसरा मोठा. मोठ्या आकड्यांचा नियम नशिबाने तिन्हींत बरोबर येतो. लहान छेदाचा नियम तिन्हींत चुकतो आणि फरकाचा नियमही. त्यातही ३/४ व ५/६ ही जोडी खास आहे. दोन्हींत फरक १, म्हणून फरक पाहणारे मूल ठामपणे "सारखे" म्हणते.

गट ३: ३/५ व ७/८, १/३ व ५/६, ४/७ व ९/१०. इथेही दुसरा मोठा. लहान छेदाचा नियम चुकतो, फरकाचा नियम बरोबर येतो.

गुणांची बेरीज केली तर मोठ्या आकड्यांच्या नियमाला ०+३+३ = ६ आणि फरकाच्या नियमाला ३+०+३ = ६. एकूण गुण सारखेच, आजार मात्र वेगळे. त्यामुळे उत्तरपत्रिकेवर "९ पैकी" असा रकाना ठेवायचा नाही. गटवार तीन रकाने ठेवायचे. ०-३-३, ३-०-० आणि ३-०-३ हे तीन ठसे दिसले की काय शिकवायचे ते ठरते.

फरकाचा नियम चुकावा पण लहान छेदाचा बरोबर यावा, अशी चौथ्या गटाची जोडी शोधण्यात वेळ घालवू नये. एकापेक्षा लहान अपूर्णांकांत ती निघतच नाही: छेदही लहान आणि उरलेले भागही जास्त किंवा तेवढेच, तर तो अपूर्णांक लहानच असणार.

दहावी जोडी सारख्यांची घातली: ४/६ व ६/९. ही नसेल तर "सारखे" हा पर्याय कधीच बरोबर येत नाही, आणि हुशार मुले ते दुसऱ्या कागदापर्यंत ओळखतात.

आणखी दोन गोष्टी ठरल्या. प्रत्यक्ष कागदावर डावी-उजवी बाजू आणि गटांचा क्रम मिसळून छापायचा. आणि < > ही चिन्हे चाचणीत नकोत, मोठ्याभोवती गोल करायला सांगायचे. चिन्हाचे तोंड कुणीकडे, हा गोंधळ वेगळा आहे. तो अपूर्णांकाच्या नावावर जमा होऊ नये.

१२ जुलै

पट्टीची लांबी किती? छेद २ ते १० आणि १२ हवेत. ११ वगळला, पुस्तकात क्वचित येतो आणि आखायला तापदायक.

२४ सेमी ही नेहमीची निवड, कारण ती ए-फोर कागदावर बसते आणि २, ३, ४, ६, ८, १२ यांना पूर्ण सेंटिमीटर मिळतात. पण या छेदांमधला सर्वांत बारीक फरक १/९० आहे (८/९ व ९/१०, किंवा १/९ व १/१०). २४ सेमीवर तो २.७ मिमी होतो. मुलाच्या हातची रेघ, पट्टी ठेवताना झालेली सरक, कात्रीची चूक, हे सगळे मिळून तेवढे सहज भरते. म्हणजे पट्टी नेमकी हवी असते तिथेच गप्प बसते.

६० सेमीवर तोच फरक ६.७ मिमी. ४/७ व ७/१२ मधला ७.१ मिमी, ७/१० व ५/७ मधला ८.६ मिमी. लांबून दिसतो. शिवाय ६० ला २, ३, ४, ५, ६, १०, १२ यांनी भाग जातो आणि ८ चा भाग ७.५ सेमी येतो. अडचण फक्त ७ आणि ९ ची. ८४ सेमी घेतली असती तर ७ सुटला असता, पण ५ आणि १० बिघडले असते आणि कार्डशीटवर बसली नसती. ६० कायम.

भाकरी-चपातीच्या गोल आकृत्या संचात नाहीत. घडी घालून गोलाचे २, ४, ८ भाग होतात, ३ आणि ६ प्रयत्नाने. पाचव्या भागाला ७२ अंश आणि सातव्याला ५१.४ अंश मुलाने कुठून आणायचे? फळ्यावर हातानेच काढलेला सप्तमांश पुष्कळदा षष्ठांशाएवढा होतो. "१/२ म्हणजे काय" हे सांगायला भाकरी उत्तम आहे, तुलनेसाठी ती नको.

१४ जुलै

कार्डशीट २२ × २८ इंची, म्हणजे साधारण ५५.९ × ७१.१ सेमी. ६० सेमी लांब, ५ सेमी रुंद पट्ट्या घेतल्या तर रुंदीत ११ बसतात. लागतातही ११: एक अखंड, आणि २ ते १० व १२ या छेदांच्या दहा. रुंदीत ९ मिमी कातरण पडते. लांबीत उरलेल्या ११ सेमीच्या पट्ट्यातून ५.५ × ३ सेमीची ३६ कार्डे निघतात. हे छेद घेऊन अतिसंक्षिप्त, एकापेक्षा लहान अपूर्णांक ३५ होतात. एका शीटमध्ये एक पूर्ण संच आणि एक कोरे कार्ड शिल्लक.

प्रत्येक छेदाला वेगळा रंग हवा असेल तर अकरा रंगांची अकरा शीट एकदम कापून पट्ट्यांची अदलाबदल करावी. अकरा संच तयार होतात. गडद निळा आणि गडद हिरवा टाळावा, त्यावर पेनाची रेघ दिसत नाही.

आखणीची मापे, डाव्या टोकापासून, मिमीमध्ये:

छेद ७: ८६, १७१, २५७, ३४३, ४२९, ५१४
छेद ९: ६७, १३३, २००, २६७, ३३३, ४००, ४६७, ५३३
छेद ८: दर ७५ ला एक. बाकी छेदांना पूर्ण सेंटिमीटर येतात.

माप दर वेळी डाव्या टोकापासूनच घ्यायचे, मागच्या रेघेपासून नाही. का, ते उद्याच्या नोंदीत.

१५ जुलै

बाराची एक पट्टी चुकीची निघाली. ५० मिमीचा एक तुकडा साचा म्हणून कापला होता आणि तो पुढे पुढे सरकवत रेघा मारल्या. साचा प्रत्यक्षात ४९ मिमीचा होता. एका तुकड्यात १ मिमी कुणाला दिसत नाही. पण सातव्या रेघेपर्यंत ७ मिमीची खोट साचली आणि ७/१२ ची रेघ ३५० ऐवजी ३४३ मिमीवर आली. आता सातची पट्टी पाहा: ४/७ ची रेघ, बरोबर आखलेली, ३४३ वरच आहे. दोन पट्ट्या खालीवर ठेवल्या की रेघा एकाखाली एक, आणि पट्टी सांगते की ४/७ आणि ७/१२ सारखे. शेवटचा भाग ६१ मिमीचा झाला होता. तो मोजला असता तर आधीच कळले असते.

त्यामुळे तपासणीचा नियम: आखून झाल्यावर पहिला आणि शेवटचा भाग एकमेकांशी ताडून पाहायचा. दोन मिमीहून जास्त तफावत असेल तर पट्टी उलटून मागच्या बाजूला नव्याने आखायची.

प्लॅस्टिकच्या फूटपट्टीचा शून्य टोकावर नसून काही मिमी आत असतो, हेही इथेच नडते. ३० सेमीची फूटपट्टी दोनदा लावली तर चूक दुप्पट. दोन फुटी स्टीलची पट्टी वापरावी.

१८ जुलै

पट्ट्यांचे तुकडे करायचे की अखंड ठेवून फक्त रेघा मारायच्या?

तुकडे हाताळायला मुलांना आवडतात. पण मांडताना दोन तुकड्यांमध्ये सरासरी एखादा मिमी फट राहतेच. २/३ मांडायला दोन तुकडे, एक फट: ४०१ मिमी. ८/१२ मांडायला आठ तुकडे, सात फटी: ४०७ मिमी. दोन्ही सारखे असायला हवेत आणि डोळ्याला ६ मिमीचा फरक दिसतो. संचातला सर्वांत बारीक खरा फरक ६.७ मिमी आहे, म्हणजे खरा फरक आणि फटींचा फरक ओळखू येणार नाही. तुकड्यांच्या संचाने सममूल्य अपूर्णांक शिकवताना "जवळपास सारखे आहेत ना?" असे म्हणावे लागते, आणि तिथेच धडा सैल पडतो.

निर्णय: तुलनेसाठी अखंड, रेघा मारलेल्या पट्ट्या. तुकडे केलेला एकच संच, "चार सप्तमांश म्हणजे सप्तमांशाचे चार तुकडे" एवढे दाखवण्यापुरता. रेघा बारीक बॉलपेनने मारायच्या. मार्करची रेघच दीड-दोन मिमी जाड होते.

पट्ट्यांवर आकडे एकाच बाजूला. कोरी बाजू वर ठेवून आधी अंदाज, मग उलटून पडताळा.

पावसाळ्यात कार्डशीटला बाक येतो. ए-फोर लॅमिनेशन यंत्रात ६० सेमी जात नाही, म्हणून दोन इंची पारदर्शक चिकटपट्टी वरून लावली. ती कापण्याआधी लावायची. कापल्यावर लावली की कडेला प्लॅस्टिक बाहेर राहते, डावी टोके नीट जुळत नाहीत आणि सुरुवातच खोटी होते.

२२ जुलै

आता पद्धतीचा गाभा. समच्छेद करण्याआधी मुलाला अपूर्णांक नुसता पाहून तो साधारण कुठे बसतो हे सांगता आले पाहिजे. इंग्रजी माध्यमातली मुले यासाठी ०, अर्धा आणि एक एवढेच खुंटे वापरतात. मराठीत याहून चांगले खुंटे बोलण्यातच रुतलेले आहेत: पाव, अर्धा, पाऊण. दूध, तेल, तास, पाइप, सगळीकडे हेच. मग वापरायचे का नाहीत?

चार खोकी केली: पावाच्या आत, पाव ते अर्धा, अर्धा ते पाऊण, पाऊणच्या पुढे. कार्ड कोणत्या खोक्यात जाईल हे तीन तोंडी कसोट्यांनी ठरते.

अर्ध्याची कसोटी: अंशाची दुप्पट छेदापेक्षा जास्त असेल तर अर्ध्याच्या पुढे. ५/९: दुप्पट १०, नऊहून जास्त, म्हणून पुढे.

पावाची कसोटी: अंशाची चौपट. २/९: आठ, नऊहून कमी, म्हणून पावाच्या आत. २/७: आठ, सातहून जास्त, म्हणून पावाच्या पुढे.

पाऊणची कसोटी: जे उरले त्याची चौपट. ७/९ मध्ये दोन उरले, चौपट आठ, नऊहून कमी. उरलेला भाग पावाहून लहान, म्हणून अपूर्णांक पाऊणच्या पुढे. ५/७ मध्येही दोन उरले, पण आठ हे सातहून जास्त, म्हणून पाऊणच्या अलीकडे.

३५ कार्डांतून १/४, १/२, ३/४ हे खुंटे बाजूला काढले की ३२ उरतात, आणि चारही खोक्यांत बरोबर आठ-आठ पडतात:

पावाच्या आत: १/१२, १/१०, १/९, १/८, १/७, १/६, १/५, २/९
पाव ते अर्धा: २/७, ३/१०, १/३, ३/८, २/५, ५/१२, ३/७, ४/९
अर्धा ते पाऊण: ५/९, ४/७, ७/१२, ३/५, ५/८, २/३, ७/१०, ५/७
पाऊणच्या पुढे: ७/९, ४/५, ५/६, ६/७, ७/८, ८/९, ९/१०, ११/१२

३५ कार्डांच्या एकूण जोड्या ५९५. एकाच खोक्यात पडणाऱ्या जोड्या ४ × २८ = ११२. बाकी ४८३ जोड्या खोक्यावरूनच सुटतात, कागद-पेन्सिल न लागता.

१९७८ साली अमेरिकेतल्या राष्ट्रीय चाचणीत १३ वर्षांच्या मुलांना १२/१३ + ७/८ याचा फक्त अंदाज विचारला होता. पर्याय १, २, १९, २१. दोन्ही अपूर्णांक जवळपास एक-एक, म्हणून २. हे उत्तर २४ टक्के मुलांनी दिले. १९ आणि २१ या दोन्ही पर्यायांना प्रत्येकी त्याहून जास्त मुले मिळाली. ती मुले बेरजेत चुकली नव्हती. १२/१३ हा एकाच्या शेजारी राहतो, हेच त्यांना दिसले नव्हते.

२३ जुलै

उरलेल्या ११२ जोड्या मोजून पाहिल्या. त्यांतल्या किती आणखी सोप्या उपायांनी सुटतात?

तीन उपाय घेतले: छेद सारखे, अंश सारखे, उरलेला भाग सारख्या संख्येचा. पहिल्या खोक्यात २८ पैकी २३ सुटतात (सात जणांचा अंश १ आहे, त्यांच्याच २१). चौथे खोके पहिल्याची आरशातली प्रतिमा, तिथेही २३. मधल्या दोन खोक्यांत प्रत्येकी ९. बेरीज ६४.

राहिल्या ४८. पूर्ण ५९५ पैकी समच्छेद करण्याची खरी गरज एवढ्याच जोड्यांना आहे, आणि त्यांतल्या ३८ अर्ध्याच्या आजूबाजूच्या दोन खोक्यांत आहेत. समच्छेदाचा सराव तिथल्या जोड्यांवरच द्यायचा. १/३ व ५/६ साठी लसावि काढायला लावले की मुलाला कळते की इथे डोके नको, हातच चालवायचा.

२८ जुलै

खोक्यांचा खेळ पाचवीच्या गटाला दिला. आढळलेल्या चुका:

दुप्पट अंशाची करायची की छेदाची, हे विसरते. "वरचे दुप्पट करून खालच्याला पुरते का?" असे बोलून घेतले की टिकते.

२/४, ३/६ ही सममूल्य कार्डे घातली नव्हती. ४/८ एका मुलाने कोऱ्या कार्डावर लिहून खोक्याबाहेर, दोन खोक्यांच्या मधल्या रेघेवर ठेवले. बरोबर आहे. खुंट्यांसाठी मध्ये जागा हवी, चटईवर तीन दोऱ्या आडव्या टाकल्या.

पाऊणची कसोटी सगळ्यांत जड गेली. मुले अंशाचीच चौपट करत राहिली. पट्टीवर उजवीकडचा उरलेला भाग बोटाने झाकून "झाकलेला पाव आहे का, की पावाहून लहान?" असे विचारल्यावर बसली.

दोन वेगवेगळ्या लांबीच्या पट्ट्या एकत्र झाल्या होत्या. आधीचा २४ सेमीचा नमुना कुणीतरी पेटीत टाकला होता. त्यावर १/२ म्हणजे १२ सेमी, आणि ६० च्या पट्टीवर १/३ म्हणजे २० सेमी. एका जोडीने शांतपणे १/३ मोठा लिहिले. त्यांच्या समोर जे होते त्यानुसार ते चूक नाही. नमुना पेटीतून काढला, पण मुद्दा पाठात घेतला: तुलना करायची तर पूर्ण एकच हवे. लहान भाकरीची अर्धी आणि मोठ्या भाकरीचा तिसरा भाग, हा प्रश्न मुद्दाम विचारावा.

३० जुलै

उरलेल्या भागाची युक्ती आणि फरकाचा चुकीचा नियम दिसायला सख्खे भाऊ आहेत. ५/६ आणि ३/४: "दोन्हींत एकेकच राहिला, म्हणून सारखे." हे वाक्य ऐकू आले की "चूक" म्हणून पुढे जायचे नाही, कारण विचार अर्धा बरोबर आहे. पुढचा एकच प्रश्न: राहिलेला एक केवढा? एकीकडे षष्ठांश राहिला, दुसरीकडे पाव. षष्ठांश लहान, म्हणजे ५/६ ला पूर्ण व्हायला कमी लागते.

ही युक्ती भाषेत तयार आहे. पावणेतीन म्हणजे तिनाला पाव कमी. मग ८/३ आणि ११/४ मध्ये मोठा कोणता? ११/४ म्हणजे पावणेतीन, ८/३ म्हणजे तिनाला तृतीयांश कमी. पाव तृतीयांशाहून लहान, म्हणून पावणेतीन मोठे.

२ ऑगस्ट

समच्छेद आणि तिरकस गुणाकार. ४/७ व ७/१२ ही जोडी घेतली, कारण इथे डोळा, खोके, उरलेला भाग, काहीच पुरत नाही.

समच्छेद ८४: ४/७ = ४८/८४, ७/१२ = ४९/८४. दुसरा मोठा.

तिरकस: ४ × १२ = ४८, ७ × ७ = ४९. हे आकडे म्हणजे समच्छेद केल्यावर येणारे अंशच. छेद दोन्हीकडे ८४ होणार म्हणून लिहायचा कंटाळा केला, एवढेच. हे एकदा शेजारी-शेजारी लिहून दाखवले नाही तर तिरकस गुणाकार हा जादूचा मंत्र होतो आणि महिन्याभरात उलटा आठवतो.

तो उलटतो तो नेमका असा: मूल ७ × ७ आधी करते, कारण बाण छेदाकडून अंशाकडे काढला. ४९ डाव्या अपूर्णांकाखाली लिहिले जाते आणि ४/७ मोठा ठरतो. गुणाकार दोन्ही बरोबर, उत्तर चूक. उपाय: बाण नेहमी अंशापासून सुरू, आणि गुणाकार त्याच अंशाच्या डोक्यावर लिहायचा, खाली नाही.

भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ. स. ११५०) रीत हीच आहे: एकाच्या हराने (छेदाने) दुसऱ्याचे हर आणि अंश दोन्ही गुणायचे. समच्छेद हा शब्दही तिथे आहे. हर गुणायचा टप्पा गाळून टाकणे हे नंतरचे सोयीचे काम.

दोनच अपूर्णांक असतील तर तिरकस चालतो. चार अपूर्णांक चढत्या क्रमाने लावायचे तर सहापर्यंत जोड्या होतात, तिथे लसावि. २/३, ५/८, ७/१२, ३/४: लसावि २४, अंश १६, १५, १४, १८. क्रम ७/१२, ५/८, २/३, ३/४. छेदांचा सरळ गुणाकार केला असता तर ११५२ घेऊन बसावे लागले असते.

आणि एक दुर्लक्षित वाट: अंश सारखे करणे. ३/७ व ५/१२ साठी छेद ८४ करण्यापेक्षा अंश १५ करा: १५/३५ व १५/३६. तेवढेच तुकडे, पस्तिसावा भाग छत्तिसाव्याहून मोठा, म्हणून ३/७ मोठा. अंश छोटे असतील तेव्हा ही वाट जवळची.

नव्या जवळच्या जोड्या बनवायला: दोन अपूर्णांकांचे अंश मिळवा, छेद मिळवा, येणारा अपूर्णांक त्यांच्या मधे पडतो. २/५ व १/२ मधून ३/७. १/२ व २/३ मधून ३/५. मुलांना बेरीज म्हणून हे दाखवू नये, नाहीतर दुसरेच दुखणे सुरू होईल.

५ ऑगस्ट

शाब्दिक उदाहरणे. "राजूने २/५ आंबा खाल्ला" छापाची सगळी काढली. आंब्याचा पंचमांश कुणी करत नाही. जिथे लोक अपूर्णांकांची तुलना खरोखर करतात, अशा जागा घेतल्या.

एकर आणि गुंठा: एकर म्हणजे ४० गुंठे. ३/८ एकर मोठा की २/५? १५ गुंठे आणि १६ गुंठे. एका गुंठ्याचा फरक. ८ आणि ५ चा लसावि ४०, म्हणजे गुंठ्यात बोलणारा माणूस न सांगता समच्छेद करतो.

सूत: सुतार आणि गवंडी इंचाचे आठ भाग करून एकेकाला सूत म्हणतात. ५/८ इंच म्हणजे पाच सूत, पाऊण इंच सहा सूत. इंची पान्यांचा संच चढत्या क्रमाने लावणे ही उत्तम कृती: ३/८, ७/१६, १/२, ९/१६, ५/८, ११/१६, ३/४. सोळाव्यात मांडा: ६, ७, ८, ९, १०, ११, १२. मुले हमखास ११/१६ हा ३/४ च्या पुढे ठेवतात.

जुना तोळा: १२ मासे, माशाच्या ८ गुंजा, एकूण ९६. ५/८ तोळा ६० गुंजा, २/३ तोळा ६४. रुपयाच्या सोळा आण्यांची पद्धत १९५७ साली अधिकृतपणे बदलली, पण "सोळा आणे खरे" अजून टिकून आहे. त्यात तृतीयांश बसत नाही, पाच आणे चार पै होतात. आण्याच्या बारा पै होत्या, तोळ्याचेही बारा मासे. बारा का, हे मुलांनाच विचारायला ठेवले.

८ ऑगस्ट

अंशाधिक अपूर्णांक: आधी पूर्णांक वेगळा काढायचा, मग तुलना. ९/४ व ७/३: दोन्हींत २ पूर्ण, उरले १/४ आणि १/३. एवढेच पुरे.

दशांशाने तुलना संचात ठेवली नाही. ०.७ आणि ०.६६ समोर आले की ६६ मोठे वाटते, आणि मग तो वेगळा धडा.

१२ ऑगस्ट

घरी न्यायच्या पट्टीसाठी मोजमापाशिवाय आखण्याची पद्धत: १८ सेमीची कागदी पट्टी आणि रेघांची वही. पट्टीचे एक टोक एका रेघेवर, दुसरे टोक सातव्या पुढच्या रेघेवर टेकवायचे. मधल्या रेघा पट्टीची कड जिथे कापतात तिथे खुणा. सात समान भाग मिळतात, २.५७ की २.६ हा प्रश्नच येत नाही.

वहीच्या रेघा साधारण ८ मिमीवर असतात. सात ओळी म्हणजे ५६ मिमी. पट्टी फार आडवी पडते आणि रेघ कड कुठे कापते ते नीट दिसत नाही. एक ओळ सोडून एक घ्यावी: ११२ मिमी, कोन सुमारे ३८ अंश, खुणा स्वच्छ. १२ भागांसाठी मात्र सलग ओळी घ्याव्यात. एकाआड घेतल्या तर १९२ मिमी होतात आणि पट्टी पुरत नाही. खूण दर वेळी पट्टीच्या एकाच कडेवर करायची, वरची की खालची हे आधी ठरवून.

१८ ऑगस्ट

निदान चाचणीचा अंतिम क्रम, छापण्यासाठी:

१) ७/८ व ३/५ २) १/२ व ४/९ ३) २/५ व ४/९ ४) ५/६ व १/३ ५) ३/४ व ५/६ ६) ५/१२ व ३/७ ७) ४/६ व ६/९ ८) ५/९ व १/२ ९) ३/८ व ३/५ १०) ४/७ व ९/१०

गट १: प्रश्न २, ६, ९. गट २: ३, ५, ८. गट ३: १, ४, १०. मोठा डावीकडे: १, २, ४, ८. उजवीकडे: ३, ५, ६, ९, १०. सारखे: ७.

प्रत्येक प्रश्नाखाली एक ओळ रिकामी: "कसे ठरवले?" गटवार ठसा ३-३-३ असूनही त्या ओळीत सगळीकडे नुसता तिरकस गुणाकार असेल, तर त्या मुलाला पुन्हा खोक्यांची कार्डे द्यायची.

शिल्लक काम: संच ४ मधली नवाची पट्टी पुन्हा आखणे (पहिला भाग ६७, शेवटचा ७१ मिमी), कार्डांचे कोपरे गोल करणे, पेटीच्या झाकणावर ७ आणि ९ ची मापे चिकटवणे.